ड्रायव्हरला कोणी मारलं?

१९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलिवूडच्या वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओत ‘द बिग स्लीप’चं चित्रीकरण चालू होतं. एक दिवस नायक हम्फ्री बोगार्ट सेटवर आला आणि त्याने दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सला विचारलं, त्या टेलरला धक्क्यावरून पाण्यात ढकललं कोणी? सगळं काम जागच्या जागी थांबलं. नायिका लॉरेन बकॉलने आपल्या आत्मचरित्रात हा प्रसंग सांगितला आहे. ओवेन टेलर म्हणजे कथेतल्या श्रीमंत स्टर्नवुड घराण्याचा ड्रायव्हर. त्याचं प्रेत समुद्रातून वर काढलेल्या गाडीत सापडतं. आता खून आहे म्हटल्यावर खुनी हवा, आणि पटकथेत तो कुठेच नव्हता.

पटकथा काही ऐऱ्यागैऱ्यांनी लिहिलेली नव्हती. तीन लेखकांत एक होता विल्यम फॉकनर, पुढे १९४९ चं साहित्याचं नोबेल मिळवणारा. त्यालाही उत्तर देता येईना. मग मूळ कादंबरीचा लेखक रेमंड चँडलर याला तार गेली. काही वर्षांनी, १९४९ मध्ये, आपल्या प्रकाशकाला लिहिलेल्या पत्रात चँडलरने हा किस्सा स्वतःच सांगितला: तार आली खरी, पण उत्तर मलाही ठाऊक नव्हतं!

असा हा चित्रपट. ज्यांनी लिहिला, बेतला, वठवला, त्यांतल्या कुणालाच त्यातला एक खून उलगडत नव्हता. तो १९४६ च्या ऑगस्टमध्ये पडद्यावर आला, चांगला चालला, आणि आज फिल्म न्वारची, म्हणजे काळोख्या वळणाच्या गुन्हेपटांची, कुठलीही यादी त्याच्यावाचून पुरी होत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत १९९७ साली त्याची निवड झाली. रहस्यपटाचं रहस्यच न सुटता हे घडलं कसं?

याचं उत्तर शोधायला आपल्याजवळ एक साधन आहे, आणि असं साधन सिनेमाच्या इतिहासात फार क्वचित हाती लागतं. ‘द बिग स्लीप’ एक नाही, दोन आहेत. तीच कादंबरी, तोच दिग्दर्शक, तेच बोगार्ट-बकॉल. एक प्रत १९४५ ची, एक १९४६ ची. पहिलीत गुंता समजावून सांगणारा प्रसंग आहे, दुसरीत तो कापून टाकला आहे. मुद्दाम प्रयोग मांडायचा म्हटलं तरी इतका नेटका मांडता आला नसता. इथे मात्र प्रयोग करण्याचं कुणाच्या मनातही नव्हतं. जे झालं ते धंद्याच्या गणितातून झालं.

पण आधी गोष्ट. लॉस एंजेलिसमध्ये फिलिप मार्लो नावाचा खासगी गुप्तहेर आहे. त्याला म्हातारे, पंगू जनरल स्टर्नवुड बोलावून घेतात. भेट होते ती ऑर्किडच्या उबदार काचघरात. जनरलना सतत ऊब लागते, आणि बोगार्टचा सदरा घामाने भिजत जातो. जनरलना दोन मुली. धाकटी कार्मेन बेताल, थोरली व्हिव्हियन बेडर. कार्मेनच्या नावावर कुणी गायगर नावाचा माणूस पैसे मागतो आहे. मार्लो पावसाळी रात्री गायगरच्या घराबाहेर गाडीत बसून पाळत ठेवतो. आतून किंकाळी येते, गोळ्यांचे आवाज येतात, दोन गाड्या भरधाव निघून जातात. आत जाऊन पाहतो तर गायगर मरून पडलेला, कार्मेन नशेत, आणि एका पुतळ्याच्या डोक्यात दडवलेला कॅमेरा. कॅमेऱ्यातली फिल्म मात्र गायब.

इथपर्यंत ठीक आहे. यापुढे गायगरचं प्रेत नाहीसं होतं. ड्रायव्हर टेलर समुद्रात सापडतो. जो ब्रोडी नावाचा एक भामटा कबूल करतो, की त्या रात्री आपण टेलरचा पाठलाग केला, त्याच्या डोक्यात हाणलं आणि फिल्म पळवली. पण जिवे मारलं नाही, नुसतं बेशुद्ध करून सोडलं. हे सांगून होतं न होतं तोच ब्रोडीला गोळी लागते, तीही गैरसमजातून. म्हणजे टेलरने आत्महत्या केली असेल, अपघात झाला असेल, नाहीतर ब्रोडी खोटं बोलला असेल. तिन्ही शक्यता शाबूत, आणि साक्षीदार मेलेला. शिवाय एडी मार्स हा जुगारअड्ड्याचा मालक, त्याची नाहीशी झालेली बायको, जनरलचा नाहीसा झालेला विश्वासू माणूस शॉन रीगन, कॅनिनो नावाचा थंड डोक्याचा मारेकरी. रीगन धरून एकूण सात जीव जातात, आणि रीगनला नक्की कुणी संपवलं हेही शेवटी धूसरच राहतं.

या गोंधळाची मुळं तीन ठिकाणी आहेत, आणि तिन्ही मजेदार आहेत.

पहिलं मूळ खुद्द कादंबरीत. १९३९ ची ‘द बिग स्लीप’ ही चँडलरची पहिली कादंबरी. ती त्याने कोऱ्या पाटीवर लिहिलीच नाही. ‘ब्लॅक मास्क’ या स्वस्त मासिकात आधी छापून आलेल्या स्वतःच्याच कथा फोडून, त्यांचे तुकडे जुळवून त्याने ती उभी केली. त्यांतली एक १९३५ ची, एक १९३६ ची. एका कथेतला बाप दुसऱ्या कथेतल्या बापाला चिकटवला, मुलींचं तसंच. सांधे लिंपले वाक्यांनी, आणि चँडलरची वाक्यं अशी, की वाचणाऱ्याची नजर सांध्याकडे जातच नाही. टेलर हा त्या शिवणीतून निसटलेला धागा.

दुसरं मूळ सेन्सॉरचं. १९३४ पासून हॉलिवूडमध्ये नैतिक नियमावली कडक झाली होती. कादंबरीतला गायगर अश्लील पुस्तकं भाड्याने देतो, त्याचे समलिंगी संबंध आहेत, आणि त्या रात्री कार्मेन विवस्त्र अवस्थेत फोटोसाठी बसलेली आहे. पडद्यावर यातलं काहीच दाखवायची सोय नव्हती. म्हणून कार्मेनला रेशमी झगा चढवला आणि गायगरच्या दुकानाला दुर्मिळ पुस्तकांची पाटी लावली. आता प्रेक्षकाला कळेना, की झग्यातल्या मुलीच्या फोटोपायी एवढी माणसं एकमेकांच्या जिवावर का उठली आहेत. कारणच कापल्यावर परिणाम लटकत राहणार.

तिसरं मूळ १९४६ च्या कापाकापीत. महायुद्ध संपत आलं होतं, आणि वॉर्नरकडे युद्धपटांचा साठा पडून होता. शांतता झाली की ते शिळे होणार, म्हणून ते आधी बाहेर काढायचे ठरले. ‘द बिग स्लीप’ मागे राहिला. १९४५ मध्ये तो फक्त परदेशातल्या अमेरिकन सैनिकांना दाखवला गेला. दरम्यान बकॉलचा ‘कॉन्फिडेन्शियल एजंट’ लागला आणि समीक्षकांनी तिला फाडून खाल्लं. पहिल्याच चित्रपटाने रातोरात तारका झालेली वीस-एकवीस वर्षांची मुलगी, आणि दुसऱ्याच प्रदर्शित चित्रपटात ही गत! तिचा एजंट चार्ल्स फेल्डमन याने स्टुडिओप्रमुख जॅक वॉर्नरला पत्र लिहिलं. म्हणणं साधं होतं: तयार पडलेल्या चित्रपटात मुलीचा उद्धट, खट्याळ चेहरा पुरेसा दिसत नाही, एका प्रसंगात तर तिच्या तोंडावर जाळीचा पडदा आहे, बोगार्टबरोबर तिचे नवे प्रसंग घाला, नाहीतर एक मोठी गुंतवणूक हातची जाईल. वॉर्नरने ऐकलं.

१९४६ च्या जानेवारीत हॉक्सने पुन्हा कॅमेरा लावला. एव्हाना बोगार्ट आणि बकॉल यांचं लग्न होऊन आठ महिने झाले होते. (लग्न लागलं ओहायोत, कादंबरीकार लुई ब्रॉमफील्डच्या शेतावर. हिंदुस्थानावर ‘द रेन्स केम’ लिहिणारा तोच हा ब्रॉमफील्ड. शेताचं नाव त्याने ठेवलं होतं मलबार.) म्हणजे त्या नव्या प्रसंगांत एकमेकांना चाचपणारे ते दोन अनोळखी जीव संध्याकाळी एकाच घरी जात होते. जाळीच्या पडद्याचा प्रसंग गेला. त्याच्या जागी दोघं एका रेस्टॉरंटात बसून शर्यतीच्या घोड्यांविषयी बोलतात: कोण सुरुवातीला पुढे निघतो, कोण मागून येतो, आणि वर बसणारा कोण यावर किती अवलंबून असतं. शब्दन्‌शब्द घोड्यांचा. सेन्सॉरने बोट ठेवायचं कुठे? हा प्रसंग रहस्याला तसूभरही पुढे नेत नाही, आणि चित्रपट पाहिलेला माणूस पंचवीस वर्षांनी हाच आठवतो.

नवं घालायचं तर जुनं काढायला हवं. म्हणून जिल्हा वकिलाच्या कचेरीतला लांब प्रसंग कापला गेला. त्यात मार्लो आणि सरकारी माणसं बसून, तोवर काय काय घडलं, कुणी कुणाला का मारलं, हे क्रमवार लावून पाहतात. प्रेक्षकासाठी बांधलेला एकमेव जिना, आणि तोच पाडला.

असा सोललेला चित्रपट २३ ऑगस्ट १९४६ ला न्यूयॉर्कमध्ये लागला. दुसऱ्याच दिवशी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये बॉस्ली क्राउदरचं परीक्षण आलं. क्राउदर त्या काळातला वजनदार समीक्षक. त्याची तक्रार अशी, की एकामागून एक गूढ गोष्टी घडत राहतात, कथानक इतकं आडवळणाचं आहे की डोकं पार चक्रावून जातं, आणि माणूस असमाधानी मनाने बाहेर पडतो. बकॉलला अजून अभिनय शिकायचा आहे, हाही शेरा त्याने मारलाच. ‘टाइम’ साप्ताहिकाने त्याच गोंधळाकडे उलट्या बाजूने पाहिलं: ही दुःस्वप्नासारखी धूसरता या चित्रपटाची जमेची बाजू आहे, असं त्यांचं मत. म्हणजे काय दिसलं यावर दोन्ही परीक्षकांचं एकमत, ते चांगलं की वाईट एवढ्यावरच वाद. ऑस्करला एकही नामांकन मिळालं नाही. तिकिटं मात्र खपत राहिली.

क्राउदरला नंतरच्या लोकांनी फार हसून घेतलं आहे. मला तो चुकीचा वाटत नाही. त्याचा धंदाच असा, की रात्री पाहिलेल्या चित्रपटाची गोष्ट सकाळच्या अंकात चार वाक्यांत सांगायची. सांगायला बसलं की सांगता येत नाही हे लक्षात येतं. प्रेक्षकावर ती सक्ती नसते. लग्नघरात व्याह्यांकडच्या कोण कुणाची मावससासू याचा पत्ता नसतानाही पंगतीतल्या गप्पा रंगतातच. नात्यांचा तक्ता मांडायला सांगितला तरच पंचाईत होते.

आणि आता एक योगायोग पाहा. क्राउदरचं परीक्षण २४ ऑगस्टचं. त्यानंतर चारच दिवसांनी, २८ ऑगस्ट १९४६ ला, पॅरिसच्या ‘लेक्रां फ्रांसे’ या चित्रपट-साप्ताहिकात निनो फ्रांक नावाच्या समीक्षकाचा लेख आला. जर्मन ताब्याच्या वर्षांत फ्रान्समध्ये अमेरिकन चित्रपट बंद होते. १९४६ च्या उन्हाळ्यात ते एकदम आले: ‘द माल्टीज फाल्कन’, ‘डबल इन्डेम्निटी’, ‘लॉरा’, आणि चँडलरच्याच दुसऱ्या कादंबरीवरचा ‘मर्डर, माय स्वीट’. वर्षानुवर्षांची भूक असलेल्या डोळ्यांनी ते ओळीने पाहिल्यामुळे फ्रांकला अमेरिकनांच्या नजरेतून सुटलेली गोष्ट दिसली. या चित्रपटांत गुन्हा कुणी केला हा प्रश्न मागे पडला आहे, मुख्य माणूस कसा वागतो हे महत्त्वाचं झालं आहे, असं त्याने लिहिलं. ‘फिल्म न्वार’ हे नाव या चित्रपटांना चिकटलं ते याच लेखापासून. न्यूयॉर्कच्या तक्रारीला पॅरिसने दिलेलं हे उत्तर म्हणावं, तर फ्रांकच्या लेखात ‘द बिग स्लीप’ नव्हताच. तिथे तो पोचायचा होता.

पुढे १९५५ मध्ये बोर्द आणि शोमतों या दोन फ्रेंच लेखकांनी न्वारवरचं पहिलं पुस्तक लिहिलं. प्रेक्षकाच्या पायाखालचे नेहमीचे आधार काढून घ्यायचे आणि त्याला अस्वस्थ ठेवायचं, हेच या चित्रपटांचं काम आहे, असं त्यांनी मांडलं. क्राउदरने दोष म्हणून नोंदवलेली गोष्ट नऊ वर्षांत लक्षण होऊन बसली.

सिद्धांत छान आहे, पण त्याने माझं पूर्ण समाधान होत नाही. नुसतं गोंधळात टाकल्याने कुणी खूश होत असतं तर प्रत्येक फसलेला रहस्यपट अभिजात ठरला असता. हॉक्सचं कसब निराळं आहे. त्याच्या चित्रपटात पूर्ण गोष्ट कळत नाही, पण समोरचा प्रसंग मात्र लख्ख कळतो. या खोलीत कोण कुणाकडून काय काढू पाहतो आहे, कोण खोटं बोलतो आहे, कुणाच्या हातात पिस्तूल आहे, याबद्दल क्षणभरही शंका राहत नाही. हॅरी जोन्स या फाटक्या माणसाला कॅनिनो गोड बोलून विष पाजतो तो प्रसंग घ्या. मार्लो काचेपलीकडच्या अंधाऱ्या खोलीत अडकला आहे, ऐकतो आहे. जोन्स एका बाईला वाचवण्यासाठी खोटा पत्ता सांगतो आणि पेला उचलतो. एलिशा कुक ज्युनियर या बुटक्या नटाने तो माणूस असा उभा केला आहे, की कथानकातलं त्याचं नेमकं स्थान विसरलेल्या प्रेक्षकाचाही घसा कोरडा पडतो.

किंवा पुस्तकांच्या दुकानातला प्रसंग. मार्लो गायगरवर नजर ठेवायला समोरच्या दुकानात शिरतो. बाहेर पाऊस. दुकानात चष्मा लावलेली तरुणी, डोरोथी मलोन. दोन-चार वाक्यं होतात. ती दाराचा पडदा खाली ओढते, चष्मा काढते, केस मोकळे सोडते. पुन्हा ती चित्रपटात येत नाही. मुलगी देखणी होती म्हणून प्रसंग तसा केला, इतकंच कारण हॉक्सने दिलं. कथेला त्याची गरज शून्य.

शिवाय मार्लो जवळपास प्रत्येक प्रसंगात हजर आहे. त्याला जे कळतं तेवढंच आपल्याला कळतं, आणि त्याच्याच क्रमाने. आपण गोंधळलो तरी एकटे नसतो. बोगार्ट कानाची पाळी चोळत विचार करतो तेव्हा तोही आपल्याइतकाच चाचपडतो आहे असं वाटतं. फरक एवढाच, की तो घाबरत नाही. पूर्ण चित्र दिसत नसताना नीट वागणारा माणूस पाहायला मिळणं, हे १९४६ च्या प्रेक्षकाला, युद्ध नुकतंच संपलेलं असताना, काय वाटलं असेल याची कल्पना करता येते.

या प्रसंगप्रधान घडणीचं श्रेय ली ब्रॅकेटलाही द्यायला हवं. हॉक्सने तिची एक गुप्तहेरकथा वाचली आणि त्या ब्रॅकेट नावाच्या गड्याला बोलावून घ्या असं फर्मावलं. आली ती विशीतली मुलगी, विज्ञानकथा लिहिणारी. तिने आणि फॉकनरने कादंबरीची प्रकरणं वाटून घेतली आणि एकमेकांचं न पाहता लिहीत सुटले. सांध्यांकडे लक्ष कोण देणार होतं? हीच ब्रॅकेट पुढे, आयुष्याच्या अखेरीस, ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’चा पहिला खर्डा लिहून गेली.

१९४५ ची प्रत मात्र अर्धं शतक बहुतेकांच्या विस्मरणात होती. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाच्या चित्रपट संग्रहालयाने ती जतन केली आणि नव्वदच्या दशकात ती थिएटरांत दाखवली गेली. तेव्हा त्या आपोआप मांडल्या गेलेल्या प्रयोगाचा निकाल लागला. एरवी अशा वेळी ठरलेली कहाणी असते: दिग्दर्शकाची मूळ प्रत थोर, स्टुडिओने ती नासवली. ऑर्सन वेल्सच्या ‘टच ऑफ ईव्हिल’बद्दल तेच म्हटलं गेलं, आणि रास्त म्हटलं गेलं. इथे उलटं झालं. समीक्षक रॉजर इबर्टने दोन्ही प्रती पाहून १९९७ मध्ये कौल दिला तो १९४६ च्या बाजूने. हा चित्रपट तपासाच्या निकालाविषयी नाही, तपास करण्याविषयी आहे, असं त्याचं म्हणणं. व्यापारी हिशेबाने केलेल्या बदलांनी चित्रपट सुधारला, हे त्याने मोकळेपणाने मान्य केलं.

मी त्याच्याशी सहमत आहे, एका हरकतीसह. कार्मेनचं काम करणारी मार्था व्हिकर्स या सौद्यात मारली गेली. खुद्द चँडलरचं मत असं, की ती इतकी सरस होती की तिच्यापुढे बकॉल फिकी पडायची, म्हणून तिचे चांगले प्रसंग उडवण्यात आले. अंगठा तोंडात घालून हसणारी ती मुलगी जे थोडं उरलं आहे त्यातही अंगावर काटा आणते.

हॉक्सला यातून काय उमगलं ते तो पुढे मुलाखतींत मिस्कीलपणे सांगत असे: काय चाललं आहे ते मलाही कधी नीट कळलं नाही, लोकांना चाललं हे पाहिल्यावर तर्काची काळजी करणं मी सोडून दिलं.

सगळं समजावून सांगणारा तिसरा ‘द बिग स्लीप’ही आहे. १९७८ मध्ये मायकल विनरने तो केला, मार्लो झाला रॉबर्ट मिचम. काळ सत्तरचा, जागा इंग्लंड. सेन्सॉरचा धाक उरला नव्हता, त्यामुळे कादंबरीतलं सगळं दाखवता आलं: फोटो, नग्नता, गायगरचा धंदा. कारणं समजतात, दुवे जुळतात. समीक्षकांनी त्याला झोडपलं आणि प्रेक्षक तो विसरले. कोएन या दिग्दर्शक बंधूंनी नेमकी उलटी वाट धरली. चँडलरसारखी न सुटणारी आणि शेवटी बिनमहत्त्वाची ठरणारी गुंतागुंत हवी, असं ठरवूनच त्यांनी १९९८ चा ‘द बिग लेबोव्स्की’ रचला. त्यालाही सुरुवातीला समीक्षकांनी नाकं मुरडली, आणि लोकांनी पुढे डोक्यावर घेतलं.

पहिल्यांदा पाहणार असाल तर १९४६ ची प्रत घ्या, आणि कागद-पेन्सिल घेऊन बसू नका. ती आवडली तर मग १९४५ ची पाहा. जिल्हा वकिलाच्या कचेरीतला प्रसंग येईल, एकेक दुवा जोडला जाईल, आणि बराच वेळ तुम्ही घड्याळाकडे पाहिलं नव्हतं हे तेव्हा प्रथमच लक्षात येईल.